दार लावण्याआधी

बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५
सिद्धगडाच्या पायथ्याचं आपलं घर

चि. रुचिता हिला आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकू नको, इथं सगळे जिवंत आहेत. भात कापून झालं, झोडणी चालू आहे, खळ्यात पाय ठेवायला जागा नाय. काळी गाय व्यायली, पाडी झाली. तुझ्या आईचा गुडघा तेवढा कुरकुरतो. तुझ्या आटगावच्या खोलीचा पत्ता लडकूकाकाकडून घेतला. फोन केला असता, पण तीन वर्षं तुझे फोन उचलले नायत, आता लावायला तोंड कुठून आणू? एस.टी.त तेहतीस वर्षं तिकिटं फाडली, पत्रं काय लिहिली नायत. चुकलंमाकलं सांभाळून घे.

आधी हसण्यासारखी बातमी देतो. तुझा बाप तुझा तो गढ्या-किल्ल्यांचा खेळ शिकला.

हस, हस. रिटायर झालो, घरात बसून करायचं काय? मुरबाडच्या स्टँडवर एक जुना ड्रायव्हर भेटला, म्हणाला, "कंडक्टर, तुमची पोरगी मराठीत खेळ शिकवते, माझा नातू रोज बघतो." घरी आलो आणि तुझ्या कॉम्प्युटरवरची चादर काढली. तुझ्या आईनं कपाळावर हात मारला. "ज्याच्यापायी पोर घालवली, त्यालाच जाऊन चिकटलात! धन्य आहे गो बाय!" बोलली खरी, पण संध्याकाळी चहाचा कप आणून कॉम्प्युटरजवळ ठेवला, आणि तुझा आवाज यायला लागला तशी दाराला टेकून उभी राहिली. तुझा व्हिडिओ संपेपर्यंत हलली नाय.

पहिले पंधरा दिवस मी नुसता मार खाल्ला. मला वाटायचं राजा म्हणजे लढाई. दोन भालेवाले झाले की निघालो चालून. मागं घरात धान्य नाय, लाकूड नाय, पुढं गेलेले सगळे खलास. मग तुझा पहिला धडा नीट ऐकला. ‘पहिली दहा मिनटं तलवार विसरा. मेंढ्या शोधा, लाकडं तोडा, माणसं वाढवा. रिकामा उभा राहिलेला कामकरी म्हणजे गेलेला डाव.’ अगो, आवणीच्या, भात लावायच्या टायमाला बांधावरून तुझी आई हेच तर ओरडते! ते ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी पहिला डाव जिंकलो. खळ्यात जाऊन तिला सांगितलं तर ती म्हणाली, "आता भात कोण झोडणार, राजेसाहेब?"

दुसरा धडा तुझा घोडेस्वाराचा. ‘त्याला घरी बांधून ठेवू नका. चौफेर फिरू दे, आजूबाजूला काय आहे ते त्यालाच आधी कळतं.’ बांधून ठेवणारा कोण होता ते तुला माहीत आहे.

मग मी तुझ्या व्हिडिओखाली प्रश्न विचारला. नाव घेतलं ‘नवशिका ५९’. विचारलं, ही घंटा कशाला असते? कंडक्टरला घंटेचंच कौतुक. तुझं उत्तर आलं, ‘नवशिके दादा, शत्रू आला की घंटा वाजवायची. शेतातले, रानातले सगळे कामकरी आत येतात.’

रुचे, तुझ्याकडं सगळेच दादा. भुसावळचा पोरगा दादा, साताऱ्याचा मास्तर दादा. मला काय कळत नाय? पण आपल्या घरात दादा म्हणजे मी. बोलायला लागल्यापासून तू मला दादा म्हणतेस. तीन वर्षांनी ती दोन अक्षरं दिसली आणि मी तो कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून मागच्या पडवीत जाऊन उभा राहिलो. त्यानंतर मला उत्तरं येत असलेले प्रश्नसुद्धा विचारायला लागलो. मेंढी आधी कापू की बोरं आधी तोडू? सगळं माहीत होतं. तुझ्याकडून दुसऱ्याच्या नावावर दादा म्हणवून घेत होतो. बिनतिकीट प्रवाशाला मी कधी सोडला नाय, आणि या वयात स्वतः तेच केलं.

आता गेल्या रविवारच्या आधीचा रविवार आठव. दर रविवारी दुपारी तू एका नवशिक्याला जोडीला घेऊन खेळतेस. त्या दिवशी माझा नंबर लागला. तू निळी, मी पिवळा, दोघांच्या गढ्या शेजारीशेजारी. तुझे तीन लाकूडतोडे माझ्या तटाबाहेरच्या रानात काम करत होते. तांबड्या शत्रूचे घोडे दिसले, आणि मी घंटा न वाजवता, मागं न बघता दाराला कडी घातली. तू तिसऱ्या धड्यात शंभरदा सांगितलंयस, ‘दार लावण्याआधी बाहेर कोण राहिलंय ते बघा.’ मला पाठ आहे ते. तरी हात आधी दाराकडंच गेला.

तू लिहिलंस, ‘दादा, दार उघडा. माझी माणसं बाहेर आहेत.’

उघडता येत होतं. एक बटण दाबायचं होतं. माझी बोटं उचललीच नायत. तुझे तिघं दारापाशी येऊन उभे राहिले आणि तिथंच मेले.

डाव संपल्यावर तू रागावली नायस. मलाच धीर दिलास. लिहिलंस, ‘होतं असं, दादा. घाबरलं की माणूस आधी दार लावतो. माझ्या आईनं मला असंच बाहेर ठेवलं होतं. मी दारावर उभी, आत तिच्या बांगड्या वाजताना ऐकल्या, पण तिनं उघडलं नाय. वडील घरी असते तर उघडलं असतं. ते त्या दिवशी मुरबाडला गेले होते.’

ते वाचल्यापासून दहा दिवस झाले. अन्न गोड लागत नाय.

तो दिवस मी कोणाकडं बोललो नाय, आता लिहितो. आदल्या दिवशी शहापूरचे पाहुणे तुला बघायला आलेले. पोहे झाले, चहा झाला, आणि पोरगी कुठं तर नाशिकला खेळ खेळायला! तू मला आठ दिवस आधी सांगितलं होतंस, ‘दादा, मी त्या दिवशी नाय, पाहुण्यांना नको बोलवू.’ मी ऐकलं आणि तरी बोलवलं. वाटलं, पाहुणे यायचे म्हटल्यावर बापाच्या शब्दाबाहेर जाते कुठं? तू गेलीस. त्यातला म्हातारा उठताना बोलला, "मास्टर, गाडीत कडक आणि घरात ढिले." चार माणसांत माझं नाक कापलं गेलं असं वाटलं मला. माझ्याच हट्टानं कापलं गेलं होतं, ते कळायला तीन वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू आलीस. हातात तो जिंकलेला कप होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मला कसं माहीत? मी फटीतून बघत होतो.

मी घरातच होतो, रुचे. कडी मी लावली.

तू आधी आईला हाक मारलीस, मग मला. ‘दादा, दार उघड. दादा, मी जिंकले.’ तुझी आई उठली होती. दाराकडं निघाली होती. बांगड्या वाजल्या त्या मी तिचं मनगट धरलं म्हणून. दोन फुटल्या, तिच्या हाताला लागलं, तरी ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि मी सोडलं नाय. तू ओट्यावर बसलीस, रांजणातलं पाणी प्यायलीस आणि दोनच्या गाडीनं गेलीस.

लडकूनं विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, मी मुरबाडला होतो, तुझ्या आईनं लावलं असेल दार. तेच त्यानं तुला सांगितलं. तुझी आई तिथंच उभी होती. लडकू गेल्यावर मी मान खाली घालून बसलो, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. घरात एक तरी माणूस आपलं आहे असं पोरीला वाटू दे." मला वाटलं, दोन दिवसांनी खरं सांगू. दोन दिवसांची तीन वर्षं झाली. तुझा फोन वाजायचा आणि मी तो उशीखाली ठेवायचो. तुला वाटायचं आई बोलू देत नाय. ती तर म्हणायची, "उचला हो, माझं राहू दे, तुमी तरी बोला." बोललो असतो तर तू दादा म्हणाली असतीस, आणि ते खोट्यावर घ्यायची माझी हिंमत नव्हती. पुढं कॉम्प्युटरवर ती हाक घेतलीच. माझी लाज ती एवढीच.

तुझ्या आईची काहीच चूक नाय. दिवाळीत तिनं तुझ्यासाठी करंज्यांचा डबा बाजूला काढला, दर वर्षी काढते, आणि तुळशीच्या लग्नानंतर शेजारी वाटून टाकते. यंदाचा अजून वाटलेला नाय. हे पत्र मी तिला वाचून दाखवलं. ऐकून एवढंच बोलली, "पाडीचं लिहिलंत का?" लिहिलंय म्हटलं.

माफी मागत नाय. तुझ्या मनात आईची जागा मी घेऊन बसलो होतो, ती खाली करून देतो, एवढंच. तिला एक फोन कर. जमलं तर ये. करंज्या नरम व्हायच्या आत ये.

मी समोर नको असेन, तर लडकूकडं तसा निरोप दे, लाजू नको. दार उघडं असेल. तू येशील त्या दिवशी मी खरंच मुरबाडला जाऊन बसेन.

तुझा दादा असं लिहायला हात धजत नाय, म्हणून,

नवशिका ५९