अर्जुनरावांची शिट्टी

खडकवाडी, ता. शिरूर कासार
दि. १२ एप्रिल २०२४

ती. सौ. सुकन्याताईस,
अंगदचा शि. सा. न. वि. वि.

बाबांचं तेरावं उरकून तू पुण्याची गाडी धरलीस ती मला फोनवर ब्लॉक करूनच. म्हणून हे पत्र. भावंडांनी एकमेकांना पत्रं लिहावीत अशी बाबांची फार इच्छा होती. ती तुझ्या कृपेने पूर्ण होते आहे.

गावाने बाबांची आठवण थाटात ठेवली आहे. चौकात मोठा फ्लेक्स लागला. मध्ये बाबा आणि मागे रणगाडा. चोवीस वर्षं नौदलात काढलेला माणूस! मी सरपंचांना विचारलं, तर म्हणाले की जहाज दाखवायला आपल्याकडं पाणी कुठं हाय.

आता मुद्द्याचं. बाबांची जहाजावरची पितळी शिट्टी तू न विचारता नेलीस. सकाळी सहाला टँकर आला की बाबा ती वाजवायचे आणि सगळं गाव घागरी घेऊन निमूट रांगेत उभं राहायचं. आता तिथे कुस्त्यांचा फड असतो. परवा त्यात आई पडली, मनगट सुजलंय. बाबा गेल्यापासून ती रडली नाही, धड बोलतही नाही. काळजी करू नकोस, तुला वाईट वाटावं म्हणूनच लिहिलंय.

शिट्टी पाठव. लोभ उरला असेल तर असावा.

तुझा,
अंगद


पुणे
दि. २० एप्रिल २०२४

चि. अंगद यास,
अनेक आशीर्वाद.

आईला पाण्याला पाठवून तू घरात झोपतोस हे कळवलंस, बरं केलंस. तिच्या मनगटाला हळदीचा लेप लाव. तिच्या न बोलण्यानं माझ्याही घशाखाली घास उतरत नाही, पण ते तुला कशाला सांगू.

बाबा घरात शिट्टी वाजवून उठवायचे तेव्हा कानात बोटं घालून गोधडीत शिरणारा तूच ना? बारावीत तीच शिट्टी कडब्याच्या गंजीत खुपसणाराही तूच. आता तुला तिचा एवढा उमाळा!

मी ती रोज फुंकते. वाजत नाही, नुसती हवा जाते. पण बाबा ती चिंचेनं घासायचे, त्याचा वास अजून येतो. तेवढ्यासाठी ती माझ्याकडेच राहील. तू पाटोद्याच्या बाजारातून कबड्डीच्या पंचाची घे, तुला शोभेल.

तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे, म्हणजे बेताचाच.

तुझी,
ताई


खडकवाडी
दि. २ मे २०२४

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझा सल्ला शिरोधार्य मानून पाटोद्याहून लाल प्लास्टिकची शिट्टी आणली. वाजवली. शिट्टी माझी, म्हणून घागरही सगळ्यांच्या पुढे लावली. शेजारच्या दगडाबाईनं विचारलं की कबड्डी कुठं हाय. सगळे हसले आणि मग नेहमीसारखी ढकलाढकली सुरू झाली.

जाताना ती म्हणाली की अर्जुनरावाची घागर कुठं असायची ते आधी बहिणीला इचार, मग शिट्ट्या फुंक. मला काही कळलं नाही. तुला सगळंच कळतं, तेव्हा सांगावं.

आई तशीच आहे. भाकरी थापते, भांडी घासते, भिंतीकडे बघते. मला भीती वाटते, ताई.

रागासकट लोभ असावा.

अंगद


पुणे
दि. ९ मे २०२४

चि. अंगद,
आशीर्वाद.

दगडाबाईचं खरं आहे. बाबांची घागर शेवटची असायची. जहाजावर गोडं पाणी मोजून मिळायचं आणि वाटणाऱ्यानं सगळ्यांच्या मागून घ्यायचं, असं त्यांनी मला सांगितलं होतं. तू आठाला उठणार, तुला रांग कुठून दिसणार!

टँकर संपत यायचा, म्हणून ते अर्धीच घागर घेऊन यायचे. तू म्हणायचास, आयुष्य समुद्रात काढलं आणि घागरभर पाणी आणता येत नाही. मी खरं कारण माहीत असूनही हसायचे. ते हसणं आता मला खातं. शिट्टी उचलून आणली ती त्यापायीच.

सोबत पाठवते आहे. फुंकताना मूठ अर्धी उघडी ठेवायचे ते. मला तर जमलं नाही.

लोभ असावा, मागचं विसरून.

ताई


खडकवाडी
दि. १८ मे २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शिट्टी पोचली. मूठ उघडी ठेवली, झाकली, वाजली मात्र नाही. कुणीतरी शिंकल्यासारखा आवाज आला. लोकांची करमणूक झाली.

मग मी घागर उचलली आणि मागे, बाभळीपाशी जाऊन एकटाच उभा राहिलो. दगडाबाईनं वळून पाहिलं. पदर खोचला आणि मुकाट्यानं माझ्या पुढे येऊन उभी राहिली. मग एकेक करत सगळे लागले. माझा नंबर आला तोवर टँकरचा पाइप गुरगुरायला लागला होता. अर्धी घागर मिळाली.

घरी येऊन ती उतरंडीपाशी ठेवली. आई चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होती. घागरीच्या आवाजावरूनच ती अर्धी असल्याचं तिला कळलं असावं. मागं न बघता ती म्हणाली, आजबी अर्धीच आणली का वो.

मग तिचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपली, ताई, आणि आई रडली. दोन महिन्यांचं सगळं रडली. मीही तिच्याशेजारी बसून रडलो, हे तुला हसायला सांगतोय.

आता फोन चालू कर. तिला तुझ्याशी बोलायचंय.

लोभ असू दे. अर्धा असला तरी चालेल.

तुझा,
अंगद