पहिल्या गाडीनं येतो म्हणालास

रत्तनकदादा,

रुळांसाठी घर पाडायला आई तयार नव्हती. तूच बँकॉकहून फोनवर म्हणालास, "थायलंडची गाडी सुरू होऊ दे, पहिल्याच गाडीनं येतो." मग तिनं स्वतःच्या हातानं भिंतीच्या फळ्या उतरवल्या. पहिली गाडी आली त्या दिवशी ती आपल्या सिसोफॉन स्टेशनात संध्याकाळपर्यंत उभी होती. तू आला नाहीस.

म्हणून मीच बँकॉकला तुझ्या दारात आले. कडेवर मूल घेतलेली बाई म्हणाली, "हे कामावर गेलेत. आपण कोण?" मुलाचं कपाळ हुबेहूब आपल्या आईचं. "घर चुकलं," म्हणून मी परतले.

तुझी लाज झाकायला आईशी खोटं बोलले, की दादा सापडला नाही. ती पिशवी भरू लागली. "तुला नाही सापडला, मला सापडेल."

हे पत्र टाकणार नाही. मिळालं तर तू घर बदलशील.

तुझी बहीण म्हणवायला शरमणारी,
चन्थू