पाच हातांचं फाटक

॥ श्री ॥
सुपा, मार्गशीर्ष शु. ७, शके १८४९

चि. सौ. केशर हीस,
परशुरामचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावली असशील. भात झोडून कणगीत पडलं, शाळेची तपासणी पौषात आहे असं समजलं, आणि या दोन्हींपेक्षा मोठं काम आबांनी काढलं. आबांच्या तब्येतीची काळजी नको. गुडघा सकाळी कुरकुरतो, दुपारी ऐकतो.

झालं असं, की दिवाळीनंतर जंगलखात्याचा साहेब काळी नदीच्या काठी मुक्कामाला होता. खाट, मेज, चूल, पिण्याचं पाणीसुद्धा त्याच्या गाड्यांतून आलेलं. आबा रोज काठी टेकत तिथं जाऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी घरी आले आणि जेवता जेवता तुझ्या वहिनीला म्हणाले, की साहेब कुणाच्या घरचं पाणी पीत न्हाई, तरी ज्या गावात जाईल तिथं आठ-आठ दिस ऱ्हातो. मग मला पोरीच्या गावात ऱ्हायला कुणाची आडकाठी हाय?

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी बापानं घ्यायचं नाही, ही रीत आबांनी अकरा वर्षं पाळली. दोनदा तुझ्याकडे आले ते फणसाखाली स्वतःच्या भाकरीचं फडकं सोडून बसले आणि ऊन उतरताच परत फिरले. तू उंबऱ्यात उभी होतीस, हे ते मला कधी सांगत नाहीत; त्यांच्याबरोबर आलेल्या लाडूनं सांगितलं.

तर आता आपली मिठाची जुनी गाडी गोठ्यामागून बाहेर निघाली आहे. कान्हू सुतार रोज येतो. आबांना तिचं घर करायचं आहे: झोपायला फळ्या, वर छप्पर, आत चूल, पाणी आपल्या विहिरीचं. ते घर घेऊन ते तुझ्या अंगणात आठ दिवस राहणार. तुझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून तीन वर्षांत तुला माहेरी येता आलं नाही, तर माहेरानंच यावं, असं वहिनीचं म्हणणं.

एक काम कर. तुमच्या फाटकाच्या दोन दगडी खांबांत अंतर किती, ते मोजून कळव. आत चूल बसवायची तर गाडी रुंद करावी लागेल, असं कान्हू म्हणतो.

वासुदेवरावांना नमस्कार, सासूबाईंना दंडवत. लोभ आहेच; तो पत्रातून दिसत राहू दे.

तुझा दादा,
परशुराम


॥ श्री ॥
बाजारकुणंग, मार्गशीर्ष शु. १३

ती. दादा यांस,
केशरचे शि. सा. न. वि. वि.

पत्र चुलीपुढे वाचलं, म्हणून त्याला धुराचा वास आहे आणि डोळ्यांना पाणीही धुराचंच, असं मी इथं सांगितलं आहे.

फाटक आजच मोजलं. पाच हात भरलं. घरच्यांनी दोरी आणून देतो म्हटलं होतं, पण मला धीर कुठला? भांडी तशीच टाकून गेले आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हात लावत मोजून आले. दोनदा मोजलं. बरोबर पाच.

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या पडल्या पडल्या हसल्या. म्हणाल्या, तुझा बाप येतो नि आमच्या दारात परक्यासारखा वाळकी भाकरी चावत बसतो, त्याचं पाप आमच्याच माथी. आता घर घेऊन येतोय तर सूनबाई, त्याला म्हणावं अंगणाचं भाडं दे. बोलणं टोकाचं, पण त्यांनी लगेच लेकाला, म्हणजे घरच्यांना, हाक मारून फणसाखालची जागा सारखी करायला लावली.

दादा, तुला आठवतं का, आई असताना आपण त्याच गाडीतून दिगीच्या बाजूला मीठ पोचवायला जायचो? मिठाच्या पोत्यांवर आपलं अंथरूण. सकाळी उठलो की ओठांना खारट लागायचं. आई ओढ्याकाठी तीन दगड मांडून पेज करायची, आणि आबा आधी बैलांना पाजायचे, मग तुला, मग मला, सगळ्यांत शेवटी स्वतः प्यायचे. मी एकदा रडले होते की मी शेवटी का नाही. तर म्हणाले होते, की गाडीचा धनी शेवटी पितो.

आबांनी या वेळी तरी एक तांब्या पाणी घ्यावं, एवढंच मला वाटतं. दुसरं काही मागत नाही. रीत मोडा असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही, आणि त्यांना विचारू तर मुळीच नकोस. मुद्दाम विचारून मिळालेलं पाणी नको. पण माझ्या हातचं पाणी त्यांच्या गळ्याखाली न जाताच दोघांतलं कुणी गेलं तर, असं कधीकधी भात निवडताना मनात येतं. मग भातातले खडे तसेच राहतात आणि जेवताना घरच्यांच्या दाताखाली येतात.

वहिनीला सांग, गाडीत शिंकं टांगायला विसरू नको. दही खाली ठेवलं तर सांडतं.

आशीर्वाद असू द्यावा, आणि पत्राला मागच्याइतका उशीर नसावा.

तुझी,
केशर


॥ श्री ॥
सुपा, पौष शु. २

चि. सौ. केशर हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

गाडी झाली. सगळं सुपा गाव येऊन बघून गेलं. आपल्या गल्लीत असं घर कुणी पाहिलेलं नाही, आणि असली गाडीही नाही.

कान्हूनं साटा, म्हणजे गाडीची बैठक, दोन्ही अंगांनी वाढवला. उजव्या बाजूला झोपायच्या फळ्या, त्या उचलल्या की खाली तांदूळ, नाचणी, सुकी मासळी ठेवायला पेटी. डाव्या अंगाला रॉकेलचा रिकामा डबा कापून आत मातीनं लिंपलेली चूल. वर बांबूच्या कमानी आणि त्यांवर दोन पदरी चटई. तुझं शिंकं मधोमध टांगलं आहे. मागच्या बाजूला दोन तांब्याच्या घागरी दोरीच्या जाळीत बसवल्या, म्हणजे हिंदकळल्या तरी पडायच्या नाहीत.

भांडणं पुष्कळ झाली. वहिनीनं उशी शिवली तर आबा म्हणाले, मला काय साहेब केलास? तिनं उशी परत घेतली, आणि दुसऱ्या दिवशी ते गुपचूप तिच्यावर डोकं ठेवून बघत होते. चुलीचा धूर जायला कान्हूनं चटईत खिडकी ठेवली, ती आबांनी आणखी मोठी करून घेतली. धुरासाठी नव्हे, बैल दिसावेत म्हणून. वंगणाचा नळा मात्र जुनाच आहे. आईनं बांधलेली दोरी अजून त्याच्यावर आहे, ती बदलायला कुणी हात लावला नाही.

रुंदी तुझ्या मापाप्रमाणे: पाच हातांना चार बोटं कमी. कान्हूनं आपल्या हातानं तीनदा मोजून बघितलं. अंगणात शिरायला अडचण नाही.

मला येता येणार नाही. तपासणी नेमकी त्याच दिवसांत आली. लाडू बरोबर आहे. आबांचा जुना सोबती, आणि तुमच्या शेजारच्या वाडीत त्याची मावसबहीण असल्यानं तो तिथं राहील. आबा स्वतः हाकणार. मी नको म्हटलं तर म्हणाले, बैल मोऱ्या-हरण्या नवे हायत, पर वाट जुनीच हाय की.

परवा पहाटे निघतील. तू लिहिलेलं मी त्यांना सांगितलं नाही.

लोभाला तुझ्याकडे तोटा नाही, म्हणून मागत नाही.

दादा


॥ श्री ॥
बाजारकुणंग, पौष शु. १३

ती. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

आबा उद्या सकाळी निघतील. हे पत्र लाडूकाकांच्या हाती देते, म्हणजे टपालाआधी पोचेल.

आधी कान्हूला सांग, की तुझा हात फार लांब आहे.

गाडी वाजत गाजत आली. वाडीतली माणसं मागून. घरच्यांनी फाटकाची आडवी लाकडं काढून ठेवली. मी पाणी तापवत होते, तशीच धावले. आबांनी बैल वळवले आणि साटा खांबाला खटकन लागला. मागे घेतलं, सरळ केलं, पुन्हा लागला. लाडूकाका खाली उतरून बघतात तर दोन्हीकडून वीतभर जास्त! मग सगळ्यांच्या ध्यानात आलं. पाच हात मी माझ्या हातानं मोजले, आणि कान्हूनं गाडी आपल्या हातानं केली. तो उभा राहिला की त्याचे हात गुडघ्याला लागतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

घरचे पहार आणायला निघाले, खांब पाडतो म्हणून. मी मान खाली घालून उभी. अकरा वर्षांनी आबा राहायला आले आणि माझ्याच मापानं बाहेर अडकले. तेवढ्यात आतून सासूबाई ओरडल्या, की खांब सासऱ्यांनी बसवलेत, कुणी हात लावायचा न्हाई. आणि याह्यांना म्हणावं, हितंच ऱ्हावा, रस्ता काय कुणाच्या सुनेचा न्हाई!

आबा मोठ्यानं हसले. मी त्यांना असं हसताना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. म्हणाले, याहीणबाई बरोबर बोलल्या. बैल सोडले आणि फाटकासमोर आंब्याखाली मुक्काम टाकला.

दादा, आता सांगते ते नीट वाच. गाडी अंगणात आली असती तर माझ्या सासरच्या जमिनीवर उभी राहिली असती. मी आणि आबा दोघंही अवघडून राहिलो असतो. बाहेर आहे म्हणून फाटकातून पाय टाकला की मी माहेरी. सासूबाईंना जेवण घातलं, त्यांचे पाय चोळून झाले, की मी रोज दुपारी माहेरी जाते. सात पावलं आहेत, माझ्या पायांनी. आबा मला पेज वाढतात, सुकी मासळी भाजून देतात. वाढताना माझ्याकडे बघत नाहीत, मी किती खाते ते मात्र बघतात. काल फळ्यांवर जरा आडवी झाले तर डोळा लागला. ऊन उतरल्यावर उठले. अकरा वर्षांत कुणी न उठवता मी अशी झोपले नव्हते. आबा चाकाला पाठ लावून बसले होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटानं गप्प करत.

फक्त पाण्याचं काही झालं नाही. सुप्याच्या घागरी तिसऱ्या दिवशी संपल्या. विहीर आमच्या अंगणात, फाटकातून दिसते. पण आबा काठी टेकत खालच्या ओढ्यावर जातात आणि अर्धी घागर खांद्यावर आणतात. गुडघा दुखतो ते चालण्यावरून कळतं. घरचे आणून देतो म्हणाले, तर ओढ्याचं आणा म्हणाले. तू विचारलं नाहीस, मी कशाला विचारू?

मात्र आज एक केलं. वाटेत बैलांना लागेल म्हणून दोन्ही घागरी आमच्या विहिरीवर भरून जाळीत ठेवल्या. आबा बघत होते. मी म्हटलं, हे बैलांसाठी हो, त्यांना कुठली रीत? ते हूं म्हणाले आणि वंगण घालायला वळले.

एवढंच. वहिनीची उशी मी ठेवून घेतली आहे. तिला रागावू नको म्हणावं. तुझी माया माझ्यावर आहे तशीच राहो.

केशर


॥ श्री ॥
सुपा, पौष वद्य १०

चि. सौ. केशर हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आबा आणि लाडू पौर्णिमेला सुखरूप पोचले. बैल ठीक, चाकं ठीक. कान्हूला तुझा निरोप दिला. तो आपला हात उलटसुलट बघत बसला आणि म्हणाला, की केशरचा हात एवढा लहान ऱ्हायला हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला तू अजून पाटी घेऊन सुताराच्या दारात येणारी पोर वाटतेस, आणि तेव्हा तर तुझा हात याहून लहान असणार, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. तसं ते माझ्याही डोक्यात आलं नाही.

आता लाडूनं सांगितलं ते लिहितो. आबांनी यातलं अवाक्षर काढलेलं नाही.

तुमच्या गावची शीव ओलांडून पहिल्या ओढ्याशी त्यांनी गाडी थांबवली. बैल सोडून ओढ्यात उतरवले आणि पोटभर पाजले. लाडू म्हणाला, घागरीत बैलांसाठी पाणी हाय की. आबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आधी लाडूला तांब्या भरून दिला, त्याच घागरीतून. मग बैल परत आणून जुवाला बांधले. मग चाकाशी बसून स्वतः तांब्या भरला आणि वरून नाही, तोंड लावून प्याले. सगळ्यांत शेवटी.

लाडूच्या तोंडून निघालंच, की भिकाजी, हे पोरीच्या विहिरीचं नव्हं? तर आबा म्हणाले, की विहीर तिची असंल. पर घागर माझी, गाडी माझं घर, आणि माझ्या घरातलं पाणी मी पितोय. वरती, पाणी गोड हाय, असं म्हणाले. लाडू शपथेवर सांगतो, की दुसरा तांब्याही घेतला.

एक घागर वाटेतच संपली. दुसरी इथं आल्यावर वहिनी माजघरात ओतायला निघाली, तर आबांनी गाडीतून हलवू दिली नाही. रोज जेवण झालं की उठून गोठ्याशी जायचे, गाडीत चढायचे, तिथं बसून घोट-दोन घोट घ्यायचे आणि घागरीवर फडकं बांधून उतरायचे. आमचं कुणाचं काही विचारायचं धाडस झालं नाही. वहिनी फक्त रोज फडकं धुऊन ठेवायची.

काल कान्हू विचारायला आला, की चूक त्याची, तेव्हा साटा दोन्हीकडून वीत-वीत कापून देतो, मजुरी नको. म्हणजे पुढच्या खेपेला फाटकातून जाईल. आबा म्हणाले, हात लावू नको. माप बरोबर हाय.

आज सकाळी घागर संपली. त्यांनी ती उपडी घालून वाळत ठेवली आहे. हे लिहीत असताना खिडकीतून बघतो तर आबा चाकाला वंगण घालताहेत.

फाटकासमोरचा आंबा झाडून ठेव. मायेत खंड नसू दे, आणि विहिरीचा दोर पक्का आहे ना, तेवढं बघ.

तुझा दादा,
परशुराम