पेटीतली काळी बाटली

प्रिय चिमणे,

गेल्या मंगळवारी सकाळी मी देवापुढे दिवा लावला आणि त्याच हातांनी तुझ्या आईच्या पेटीचं कुलूप तारेनं उघडलं. सत्तावीस वर्षं कुलपांचं दुकान चालवतोय, पण मालक समोर नसताना एकही कुलूप उघडलं नव्हतं. ती दूध आणायला गेली होती. कुलूप मीच बसवलेलं, लगेच ऐकलं.

तू लग्न करून गेल्यापासून तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहितोय ते हे. पण क्रमानं सांगू दे. महिनाभर तुझी आई मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडे जायची. गुडघ्याला शेक घेते म्हणायची. जाताना डावा पाय लंगडायचा, येताना उजवा. हातांना लिंबाचा वास. लिंबानं कुणी गुडघा शेकतं का?

पेटीत कपड्यांच्या घड्यांखाली एक काळी बाटली निघाली, एक बरणी तपकिरी लगद्याची, आणि तिच्या अक्षरातली चिठ्ठी : ‘आधी नीट पुसायचं. अंगाला लगदा लावून पंधरा मिनिटं ठेवायचं. मग कातडी खाली. अजिबात हलवायचं नाही.’ कुणाच्या अंगाला? या घरात आता दोनच अंगं आहेत. मनात नको ते आलं. कुण्या बुवाचं औषध असेल, नवरा ताब्यात ठेवायचं. तीन दिवस मी माझा चहा आधी तिला चाखायला लावला. ती निमूटपणे चाखायची, त्यामुळे संशय आणखी वाढला.

शुक्रवारी दुकान लवकर बंद करून मी नर्सबाईंच्या दाराशी उभा राहिलो. दार अर्धवट उघडं होतं. आत तुझी आई, जिनं जन्मात माशाला हात लावला नाही, नाकाला रुमाल बांधून तव्यावर मासा भाजत होती. बाजूला पालक. नर्सबाईंनी मला पाहिलं. “या की भाऊजी, चोरासारखे काय उभे? हा अकरावा मासा. दहा करपवले तुमच्या बायकोनं, माझं मांजर फुगलंय नुसतं!” तुझी आई वळलीसुद्धा नाही. म्हणाली, “बघून झालं असेल तर दार लावा, वास बाहेर जातोय.”

तुझ्या नवऱ्याच्या जपानी हॉटेलात ती तीनदा जाऊन स्वयंपाकघराच्या काचेजवळ बसली आणि त्याचे हात पाहून शिकली. बाटलीतला सोया सॉस नि बरणीतला मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, त्यानंच बांधून दिला, पैसे घेतले नाहीत. त्यानं तिला ओळखलं नाही, असं तिचं म्हणणं. माझा संशय आहे, पहिल्याच दिवशी ओळखलं असणार.

तू निघालीस तेव्हा पेटत्या दिव्यासमोर मी काय बोललो, ते तुला पाठ असेल. ‘या घरात मासा शिजेल, त्याच दिवशी तुझा नवरा हा उंबरा ओलांडेल.’ दिव्यापुढचा शब्द मी मागे घेणार नाही, हे तुझी आई जाणून होती. म्हणून ती तो खरा करायला निघाली होती. पण शब्द माझा होता.

आज तिला मी खाली शेक घ्यायला धाडलं. देवाच्या कोनाड्याचा पडदा ओढला. मग वाटलं, त्याच्यासमोरच बोललो होतो ना? पडदा पुन्हा उघडला. मासा पुसला, लगदा लावला, पंधरा मिनिटं थांबलो, कातडी खाली ठेवली. न हलवणं फार अवघड गेलं. पालक तिळाच्या तेलात मिनिटभर परतला, वर काळ्या बाटलीतले चार थेंब. खोटं सांगत नाही, मी फक्त पालक खाल्ला. मासा झाकून ठेवलाय. खिडक्या मुद्दाम उघडल्या नाहीत.

बारा वाजून वीस मिनिटांनी आपल्या घरात मासा शिजला. पत्र हातोहात पाठवतोय, आता आजच दोघांनी यायचं.

तुझाच,
बाबा