पहिले तीन दिवस कुणी मोजले?

प्रिय आबा,

आज सकाळी तुमच्या खणणाऱ्या टोळीतल्या शमुवेलदादाचा निरोप आला. ईट गावच्या विहिरीला पाणी लागलंय आणि टोळीतली माणसं म्हणतात, "आबाच्या पोरीनं वाचावं, मगच पाणी तोंडात घालू." येडशीला मी तुम्हाला मधेच तोडलं त्या दिवशी हीच माणसं तिथं होती ना! तरी मलाच बोलावतात?

उभा जन्म तुम्ही विहिरी खणल्यात. पाणी लागलं की दगडांच्या ढिगावर उभं राहून बायबलातला पहिला अध्याय वाचायचा, देवानं सहा दिवसांत जग केलं तो, आणि मग सगळ्यांनी प्यायचं, ही तुमची रीत. मालक लिंगायत असो की मुसलमान, पागोटं सावरून ऐकायचा.

येडशीला मल्लाप्पांच्या विहिरीवर मी ती मोडली. मास्तरीण व्हायला सोलापुरात शिकत होते, सुट्टीला आले होते. काय तो माज! तुम्ही वाचत असताना मधेच म्हणाले, "सूर्य चौथ्या दिवशी झाला ना? मग पहिले तीन दिवस कुणी मोजले? शास्त्र म्हणतं, पृथ्वीला कोट्यवधी वर्षं लागली." मल्लाप्पा हसले, मग टोळी हसली. तुम्ही पुस्तक मिटलंत. "प्या आता," एवढंच म्हणालात.

त्यानंतर तुम्ही कुठल्याच विहिरीवर वाचलं नाहीत. आबा, माझ्या थोबाडीत का नाही मारलीत?

उलट तुम्ही वसतिगृहावर आलात, गाठोडं घेऊन. निजामी हद्दीच्या नाक्यावर शिपायानं ते सोडायला लावलं, आत दगड बघून हसला, म्हणालात. दारातच फडकं पसरलंत.

"मार्थे, ह्ये बग. वर काळा खडक, खाली काळा खडक, आन् मधी ही तांबडी माती. म्हंजी वरचा खडक यायच्या आदी ही माती उघड्यावर हुती, व्हय का न्हाय? मग माती व्हायला किती वरसं लागली असतील? दगड म्हनतो लई काळ. पुस्तक म्हनतं सा दिस. दगड खोटं बोलत न्हाय, म्या हातानं फोडलाय. पर पुस्तकालाबी खोटं म्हनवत न्हाय. देवाचा दिस आपल्यायेवढाच आसंल, ह्ये तरी कुनाला ठावं? तुज्या शास्तरात काय हाय?"

मागं मुली डोकावत होत्या. तुमच्या मळक्या धोतराची मला लाज वाटली. हो, वाटली! "बघून कळवते," म्हणाले. तुम्ही केवढे खूश झालात. "सावकाश बग, घाई न्हाय."

पुढं दोन पत्रांत विचारलंत. दोन्हींच्या उत्तरात मी फक्त तुमची तब्येत विचारली. मग तुम्हाला ताप आला आणि सगळंच संपलं.

आबा, मला येत नव्हतं. ते 'कोट्यवधी' मी वहीतल्या दोन ओळींतून उचललं होतं. तेवढ्या जोरावर मी तुम्हाला चारचौघांत खाली बघायला लावलं, आणि तुम्ही मात्र विहिरीच्या तळातून प्रश्न घेऊन माझ्या दाराशी आलात. शिकत कोण होतं हो आपल्या दोघांत?

तुम्ही गेल्यावर मी आमच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुमच्या वडिलांचं बरोबर आहे, ती माती कधीकाळी उघड्यावर होती. किती वर्षं ते मात्र नेमकं सांगता येणार नाही. एवढंच तर विचारायचं होतं! पण ते सहा दिवसांशी कसं जुळवायचं, ते मला अजून कळत नाही. कधी वाटतं, तुम्ही म्हणालात तसा देवाचा दिवसच मोठा असेल. कधी तेही पटत नाही. पहिल्याच दिवशी झालेला तो सूर्याआधीचा उजेड तर मला मुळीच सुटत नाही. तुम्हाला सुटला होता का?

उद्या मी ईटला जाते. आधी सगळ्या टोळीला सांगेन, की येडशीला मी बोलले ते नुसतं पाठ केलेलं होतं, आणि आबांना खडकातलं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मग सहाही दिवस वाचेन, एक ओळ न गाळता. कुणी हसलं तर हसू दे. कुणी काही विचारलं, तर 'मला येत नाही' असं मोठ्यानं म्हणेन. तुमच्यासमोर तेवढंच म्हणायचं राहून गेलं, आबा.

तुमची चुकलेली लेक,
मार्था