थरथरणारी रेघ

प्रिय दादा,

तुला नमस्कार, आईच्या पाया पडते. मी मजेत आहे. लाँड्रीतल्या कामाची आता सवय झाली, इस्त्रीने हात भाजणंही थांबलंय. आईचे गुडघे कसे आहेत? तुझ्या खुर्चीचं चाक दुरुस्त झालं का?

रविवारी तुझ्या चित्रांचं प्रदर्शन बघून आले. शिलाई मशीनवर वाकलेल्या आईचं चित्र दारातूनच दिसलं. पण दादा, रेघ सगळी थरथरतेय रे! मी इकडे आल्यापासून चित्र काढताना तुझं हलणारं कोपर धरायला कोणीच नाही, असं वाटलं.

तेवढ्यात प्रदर्शनवाल्या बाई कोणाला तरी सांगत होत्या, "या थरथरीतच सगळा जीव आहे. यांची जुनी चित्रं सरळसोट होती, कोणीही काढावीत अशी."

जुनी म्हणजे मी कोपर धरायचे तेव्हाची. दहा वर्षं, दादा! आनंद झाला की वाईट वाटलं, अजून कळत नाही. मी मदत करत होते की आडवी येत होते? तू एकदाही "सोड" म्हणाला नाहीस. माझं मन राखायला गप्प बसलास का? राग आलाय, पण कोणाचा तेही कळेना.

निघताना माझा हात आपोआप चित्राकडे गेला. पहारेकरी ओरडला, "ताई, हात लावू नका!"

"लावत नाही हो, नुसतं धरत होते," मी म्हटलं.

खरं काय ते कळव. अक्षर कसंही येऊ दे, आईकडून लिहून घेऊ नकोस.

तुझीच,
धाकटी