मागून धरतो

सेनगाव, १० फेब्रुवारी २०२५

चि. निता हीस अ. आ.

काल फोनवर मजेत आहे म्हणालीस. तीस वर्षं पेट्यांचे सूर लावून राहिलो; तुझा आवाज अर्ध्या सुरानं उतरलेला होता. मागं पंख्याशिवाय कुणाचा आवाज न्हाई. वर्ष झालं, तांड्यावर आली न्हाईस. काहून? कंपनीच्या रजेचं सांगू नको.

डोंगरकडा गावच्या भजनी मंडळाची पेटी दुरुस्तीला आली. भात्यात उंदराची पिलं. मंडळ महिनाभर तशीच वाजवून राहिलं, कुणाला तकलीफ न्हाई.

होळीला ये. माया आहेच, ती कागदावर काय लिहू.

तुझा बा,
हिरासिंग


पुणे, १८ फेब्रुवारी

ती. बा यांना सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही आवाज पकडता, म्हणून कागद. इथं खोलीत आम्ही दोघी, दोघींच्या कानात गाणी. तिचं गाव कुठलं, मला माहीत नाही.

लांबून लेक आली की आपल्या तांड्यात आई गळ्यात पडून सुरात रडते. याडीही तशीच रडायची, आणि मीही त्याच सुरात वर्षाचं सगळं सांगून मोकळी व्हायचे. याडी गेल्यावर होळीला आले, तर दारात तुम्ही पिशवी घेतलीत आणि बस कुठं थांबली ते विचारलंत. सांगायचं होतं ते तसंच पुण्याला परत आणलं. पुन्हा त्या दारात उभं राहवत नाही. याडीच्या जागी शेजारच्या चांगुणाकाकीला उभी करू नका. उसनं रडणं नको.

रागावू नका, एवढीच मागणी.

तुमची निता


सेनगाव, २६ फेब्रुवारी

चि. निता हीस अ. आ.

कागद चार वेळा वाचला. तांड्यात बाप्या माणूस गळ्यात पडून रडत न्हाई, म्हणून त्या दिवशी पिशवी धरली. हात कुठं ठेवावा कळेना.

तुझ्या याडीचं, चंदाबाईचं, ते रडणं ओसरीतून ऐकत आलो, त्यामुळं वळण न् वळण कानात आहे. काल पेटीवर वाजवलं, बराबर आलं. तोंडानं धरलं, तर चांगुणा विचारायला आली, शेळी आजारी आहे का म्हणून.

एकटा सूर कधी बेसूर होत न्हाई, दुसरा शेजारी आला की खोट कळते. तुझी याडी गेल्यापासून मी घरात एकटाच सुरात होतो.

होळीला दारात मीच असीन. पहिला सूर मला लागणार न्हाई, तू सुरू कर. लोक हसतील, हसू दे. मी मागून धरतो.

लोभ कमी झाला असला तरी ये.

तुझा बा